नरकचतुर्दशी आणि घरची मोरी

आश्विन वद्य चतुर्दशीची पहाट. चंद्रोदयाची वेळ झाली तरी अंगणात अंधारच असतो. तुळशीपाशी पणती तेवत असते आणि न्हाणीघरातून सुवासिक तेलाचा व उटण्याचा दरवळ घरभर पसरलेला असतो. आई मुलांच्या अंगाला तेल चोळते, स्नान अर्धे झाले की ओवाळले जाते, उंबऱ्याशी पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटते आणि भूमिपुत्र नरकासुर पुन्हा एकदा मरण पावतो. घरातील कर्ते पुरुष दक्षिणेकडे तोंड करून यमतर्पण करतात. त्यानंतर फराळाची ताटे मांडली जातात. या साऱ्या मंगल गडबडीत एक साधा प्रश्न मात्र कोणाच्या मनाला शिवत नाही. अभ्यंगस्नानाचे ते पाणी मोरीच्या जाळीतून खाली उतरले, ते पुढे गेले कोठे?

प्रश्न सणाच्या दिवशी विचारावयाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. तथापि आपल्या वडीलधाऱ्यांनी मोरीला अशुभ मानून दृष्टीआड केलेले नव्हते. दिवाळीच्या पणत्या देवघरात, तुळशीपाशी, विहिरीवर, गोठ्यात लागत, तशी एक मोरीपाशीही अनेक घरांतून लागत असे, आजही लागते. कोकणातील घरांमागे मोरीचे पाणी सोडलेले असे ते अळूच्या वाफ्यात नाही तर केळीच्या बुंध्याशी. भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासली जात. राख तेल शोषून घेई, पाणी केळ पिऊन टाकी, आणि त्याच केळीच्या पानावर दिवाळीचा नैवेद्य वाढला जाई. आपण टाकलेले आपल्याच परसात आपल्या डोळ्यांसमोर राहत असल्यामुळे काय टाकावे आणि काय टाकू नये, हे कोणी शिकवावे लागत नसे.

नगरातील बिऱ्हाडाला परस नाही. मोरीखाली नळ, नळाखाली चेंबर, चेंबरातून रस्त्याखालची भुयारी मलवाहिनी, ती पुढे मोठ्या वाहिनीला मिळते, आणि शेवटी शुद्धीकरण केंद्र, नदी अथवा समुद्र. मुंबईचा मैला कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात विभागांतून गोळा होतो. वरळीचा सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा समुद्राखालील बोगदा १९९९ मध्ये आणि वांद्र्याचा २००३ मध्ये कार्यान्वित झाला. म्हणजे गिरगावातील एखाद्या चाळीतले अभ्यंगस्नानाचे पाणी अनेक मैलांची यात्रा करून सागराला मिळते. यात्रा म्हटली की यात्रेचे नियम आले. सार्वजनिक मलवाहिनीत काय सोडता येते आणि काय नाही, यासंबंधीचे नियम आहेत आणि ते बरेच बारकाईने केलेले आहेत. आपल्यापैकी फारच थोड्यांना ते ठाऊक असतात.

असे नियम ही केवळ पाश्चात्त्यांची देणगी आहे, असे मानण्याचे कारण नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त, विष अथवा अमंगलाने माखलेली कोणतीही वस्तू टाकू नये, असा स्पष्ट निषेध आहे. त्या यादीत विषाचा स्वतंत्र उल्लेख आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कौटिल्य तर पापपुण्याच्या भाषेत बोलतच नाही, तो सरळ दंड सांगतो. रस्त्यावर धूळकचरा टाकणाऱ्यास पणाचा आठवा भाग, चिखलपाणी तुंबवणाऱ्यास पाव पण, आणि हेच राजमार्गावर केल्यास दुप्पट. पवित्र स्थान, जलाशय किंवा देवालय यांच्याजवळ घाण करणाऱ्यास त्याहून अधिक. घर बांधताना सांडपाण्याची नाली खोल, उताराची आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठरावीक अंतरावर असावी, हे न पाळल्यास चोपन्न पण दंड, असेही अर्थशास्त्रात आहे. शेजाऱ्याची भिंत ओली होऊ नये म्हणून चोपन्न पण! आजच्या गृहनिर्माण संस्थांतील निम्मी भांडणे त्या एका वाक्याने मिटली असती.

पश्चिमेकडील कथा मोठी मौजेची आहे. लंडनमध्ये १८१५ पर्यंत घरातील मैला गटारात सोडणे हाच अपराध होता. गटारे केवळ पावसाच्या पाण्यासाठी होती. पुढे शतकाच्या मध्यावर तेथे उलटा हुकूम झाला की, प्रत्येक घराने आपला मैला गटारातच सोडला पाहिजे. सारी घाण थेट थेम्स नदीत उतरू लागली आणि १८५८ च्या उन्हाळ्यात त्या नदीला अशी दुर्गंधी सुटली की, काठावरच्या पार्लमेंटात बसणे अशक्य झाले. तेव्हा कोठे जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याच्या योजनेला पैसा मिळाला. वाहिनी बांधून काम संपत नाही, तिच्यात काय जाते हेही पाहावे लागते, हा धडा त्यानंतर आला. इंग्लंडच्या १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमाने वाहिनीला इजा करणारा, तिचा प्रवाह अडवणारा किंवा पुढील शुद्धीकरणास बाधक असा कोणताही पदार्थ, त्याचप्रमाणे पेट्रोलियम, कॅल्शियम कार्बाइड आणि ११० अंश फॅरनहाइटहून अधिक उष्ण पाणी यांना मज्जाव केला.

आपल्याकडे महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला आणि त्याखाली १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले, हे आपल्या राज्यास भूषणावह आहे. केंद्राचा जल अधिनियम १९७४ चा. तो महाराष्ट्रात १९८१ मध्ये लागू झाला. नदी, नाला व विहीर यांबरोबरच मलवाहिनीतही विषारी वा दूषित द्रव्य जाणूनबुजून सोडू नये, असे हा अधिनियम सांगतो. ‘मलवाहिनी’ हा शब्द त्यात १९७८ च्या दुरुस्तीने आला. किती सोडले म्हणजे दूषित, याचे आकडे पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ यांच्या परिशिष्टात १९९३ मध्ये घालण्यात आले. हे आकडे कारखान्यांसाठी आहेत, गृहिणींसाठी नव्हेत. परंतु त्यांतील तर्क स्वयंपाकघराला तंतोतंत लागू पडतो, म्हणून त्यांपैकी काही पाहू.

पाणी फार आम्ल नसावे आणि फार अल्कधर्मीही नसावे. त्याचा सामू साडेपाच ते नऊ यांच्या दरम्यान असावा. तरंगणारे घन कण लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. कुजताना पाण्यातील प्राणवायू खाणारा जो अंश असतो, त्याच्यासाठी नदीत सोडावयाच्या पाण्याला ३० ची आणि मलवाहिनीत सोडावयाच्या पाण्याला ३५० ची मर्यादा आहे. हा फरक का? तर मलवाहिनीच्या शेवटी शुद्धीकरण केंद्र असते आणि तेथील जिवाणू हा कुजणारा अंश खाऊन टाकतात, अशी अपेक्षा असते. मात्र पाऱ्याची मर्यादा दोन्हीकडे सारखीच, लिटरला एक शतांश मिलिग्रॅम. पारा कोणताही जिवाणू पचवू शकत नाही, तो नुसता जागा बदलतो. नियमांतला हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो. जे पचते त्याला सवलत आहे, जे पचत नाही त्याला नाही.

तेल व स्निग्ध पदार्थ यांची मर्यादा मलवाहिनीसाठी लिटरला २० मिलिग्रॅम आहे. येथे आपण फराळाच्या कढईपाशी येऊन पोहोचतो. चकल्या, करंज्या, शेव, चिरोटे, अनारसे तळून झाले की, कढईच्या तळाशी काळपट तेल उरते. त्यातले वाटीभर तेल, म्हणजे सुमारे दीडशे मिलिलिटर, मोरीत ओतले असे धरा. त्याचे वजन साधारण एकशे पस्तीस ग्रॅम भरेल. ते या मर्यादेत बसावयाचे, तर त्याला पावणेसात हजार लिटर पाणी लागेल. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण आहे. त्या हिशेबाने पन्नास माणसांचे दिवसभराचे सारे पाणी त्या एका वाटीपायी खर्ची पडते. शिवाय तेल पाण्यात मिसळतच नाही, त्यामुळे हा हिशेबही उदार झाला.

मोरीत गेलेले ते तेल थंड होते, वनस्पती तूप तर गोठूनच बसते. गटारातील काँक्रीटमधून सुटणारा चुना आणि तेलातील आम्ले यांचा संयोग होऊन एक प्रकारचा घट्ट साबण तयार होतो. साबणाने घाण जाते हे आपण जाणतो, पण हा साबण घाण धरून ठेवतो. त्यात कापूस, दोरे, केस, चिंध्या अडकतात आणि दिवसेंदिवस तो फुगत जातो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये असा एक गोळा सापडला, तो सुमारे अडीचशे मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता.

अभ्यंगस्नानाच्या तेलाबद्दल मात्र कोणी मनास लावून घेऊ नये. अंगाला चोळलेले चमचाभर तेल बहुतांशी त्वचेत मुरते, उरलेले उटण्याबरोबर निघते. अपराधी आहे ती कढई. ऋषिमुनींना उगाच गोवू नये.

दुधाचीही गोष्ट अशीच डोळे उघडणारी आहे. दूध हे पूर्णान्न खरे, पण तेच गटारात गेले की सर्वांत जड अन्न ठरते. त्याची प्राणवायू खाण्याची मात्रा लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात आहे. मलवाहिनीची मर्यादा ३५० ची, हे वर आलेच आहे. श्रावणी सोमवारी अभिषेकाचे दूध गाभाऱ्याच्या पन्हाळीतून सरळ गटारात जाऊ देणारी देवळे आहेत आणि ते पात्रात धरून तीर्थ म्हणून वाटणारी देवळेही आहेत. दुसरी पद्धत अधिक जुनी आणि शास्त्रालाही अधिक धरून आहे, असे माझे मत आहे. शिवाच्या पन्हाळीला ओलांडू नये असे सांगणारी परंपरा त्या पन्हाळीतील द्रव्य नगरपालिकेच्या चेंबरात सोडावे असे कशी म्हणेल?

आता आम्लाविषयी, कारण घरोघरी गैरसमज आहे तो याच बाबतीत. मोरी तुंबली की, दुकानातून ॲसिडची बाटली आणून ओतावी, हा सर्वत्र रूढ झालेला उपाय आहे. मलवाहिनीच्या भिंतींवर जो बुळबुळीत थर असतो, त्यातील जिवाणू प्राणवायूविना जगतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात. हा वायू पाण्यात काही अंशी विरघळून, बांधला जाऊन राहतो. पाणी आम्ल झाले की, तो एकदम मोकळा होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे चेंबरच्या तळाशी साचतो. अल्प असता त्याची दुर्गंधी येते, परंतु तो वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि वास थांबला म्हणजे धोका टळला, असे वाटून माणूस पुढे वाकतो. मुलामा देण्याच्या कारखान्यांतून सायनाइड येते, त्याच्याशी आम्लाची गाठ पडली तर त्याहूनही भयंकर वायू निघतो. सामूचा तो नीरस आकडा कोणासाठी आहे, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. पेट्रोलचा मज्जावही असाच. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी गळतीचे पेट्रोल गटारात शिरून स्फोटांची मालिका झाली, मैलोगणती रस्ते उखडले गेले आणि दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत ऐन लक्ष्मीपूजनाच्या दुपारी चेंबर तुंबले. तळमजल्याच्या दारातील रांगोळीवरून काळे पाणी वाहू लागले. चिटणीसांनी सफाई करणाऱ्या एका माणसास बोलावून आणले. तो बांबूच्या कामट्या आणि एक आकडा घेऊन आला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरील एक काकू, सद्भावनेनेच, ॲसिडची बाटली घेऊन खाली आल्या.

“काकू, ते घालू नका,” तो म्हणाला.

“अरे, लवकर मोकळं होईल. तुझाच त्रास वाचेल.”

“तोंड मलाच खाली घालायचंय, काकू.”

काकूंनी बाटली मागे घेतली. कोणी काही बोलले नाही. त्याने तासभर खटपट करून जे बाहेर काढले ते आम्ही सर्वांनी पाहिले: पांढरट, मेणासारखे घट्ट झालेले तळणीचे तुपट, त्यात गुंतलेल्या समईच्या वाती, हाराचे दोरे, रांगोळीचा खडा झालेला थर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलेले निर्माल्य. प्रत्येक वस्तू देवघरातून नाही तर स्वयंपाकघरातून आलेली. ते कोणाच्या घरचे, हे विचारण्याची सोय नव्हती, कारण थोडेथोडे सर्वांच्याच घरचे होते. फराळाचे ताट समोर आणले तेव्हा तो म्हणाला, “आधी आंघोळ करू द्या.” नळावर पाणी नव्हते, चेंबर तुंबल्यामुळे आम्हीच ते बंद केले होते. शेवटी काकूंनी आपल्या घरचे न्हाणीघर त्याला उघडून दिले. एवढे करावयास आम्हा शहाण्यासुरत्या लोकांना पंधरा मिनिटे लागली, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

तो माणूस वरूनच काम करीत होता. रस्त्यावरच्या खोल वाहिन्यांत मात्र माणसे उतरवली गेली, आणि त्यांतील कित्येक पुन्हा वर आली नाहीत. हाताने मैला उचलण्याच्या कामास बंदी करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाने मलवाहिनी व मैलाटाकीची धोकादायक सफाई कोणाकडूनही करून घेणे निषिद्ध ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी निकाल दिला की, १९९३ पासून अशा कामात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम तीस लाख करण्यात आली. रक्कम वाढवावी लागली याचा अर्थ बंदीनंतरही मृत्यू थांबले नव्हते. खोल वाहिनीत माणूस उतरवण्याची वेळ येते ती बहुधा ती तुंबल्यावर, आणि ती तुंबते ते आपण वर पाहिलेल्या वस्तूंनीच.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो, तिला लक्ष्मी म्हणतो. या पूजेचा अर्थ महाराष्ट्रात ज्याने जगून दाखवला तो शेंडगावचा डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. १८७६ मध्ये जन्मलेला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवलेला हा संत गावात शिरला की, प्रथम हाती खराटा घेई. रस्ते, गटारे साफ होत आणि मग रात्री कीर्तन होई. नमस्कार करू पाहणाऱ्यांना तो पाया पडू देत नसे. त्याच्या नावाने धर्मशाळा आहेत, विद्यापीठ आहे. केरसुणीच्या पूजेच्या वेळी मात्र त्याची आठवण काढणारे घर मी क्वचितच पाहिले आहे.

तेव्हा या दिवाळीत काय करावे, असे कोणी गृहिणी विचारील. तळणीचे तेल कोमट झाल्यावर फडक्यातून गाळून घ्यावे. ते फेसाळत वा काळवंडलेले नसेल, तर चार दिवसांत फोडणीला संपवावे. टाकाऊ झालेले तेल झाकणाच्या डब्यात साठवावे. कढई घासण्यापूर्वी ती जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यावी (हे पानही त्यास चालेल), आणि तो कागद कोरड्या कचऱ्यात न घालता ओल्यातही न घालता वेगळा बांधून द्यावा, कारण तेलकट कागद रद्दीत जात नाही. थोडेसेच तेल असेल, तर ते कोंड्यात किंवा लाकडाच्या भुशात जिरवता येते. आपल्या आज्या राख वापरीत, ती आता कोठून आणणार? मोरीला आणि स्वयंपाकघरातील बेसिनला बारीक जाळी बसवावी, तिच्यात अडकलेले खरकटे हाताने काढावे. निर्माल्यातील दोरे व तारा वेगळ्या करून फुले कुंडीत किंवा निर्माल्य कलशात घालावीत. वाती विझल्यावर तेही तेथेच. रांगोळी झाडून घ्यावी, पाण्याने लोटू नये. उरलेली औषधे, ऑइलपेंट, टर्पेंटाइन आणि किडे मारण्याची द्रव्ये मोरीत कधीही ओतू नयेत. घरीच विसर्जन करणाऱ्यांनी मूर्तीच्या प्लास्टरचा गाळही मोरीत सोडू नये. तो नळात बसला की कोणत्याही कामटीला दाद देत नाही.

आमच्या इमारतीत जिन्याखाली पत्र्याचा एक उभा डबा ठेवला आहे. त्याच्यावर कोणीतरी गेरूने ‘तळणीचे तेल’ असे लिहिले आहे. धनत्रयोदशीला तो रिकामा असतो. भाऊबीजेपर्यंत निम्म्याहून वर भरतो, आणि मग साबण करणाऱ्यांकडचा एक जण सायकलवरून येऊन तो घेऊन जातो. काकू त्याच्याशी दरवर्षी भावावरून वाद घालतात.